लॉकेटाची मागची बाजू

श्वास रोखून धर, क्रेसेन्स.
खारीच्या केसांचा कुंचला श्वासानेही थरथरतो,
आणि इथे केसभर चुकलं
तर एका घराण्याची हनुवटी चुकते.

हस्तिदंताचा काप आधी उन्हात ठेवायचा.
या डचीतल्या उन्हाचा भरवसा नाही, म्हणून पंधरा दिवस.
मग गालाच्या जागी, पाठीमागून, चांदीचा वर्ख.
रक्त नसलेल्या गालांनाही त्यानं आतून तेज येतं.
या घराण्याला वर्ख फार लागतो.

थोरल्या डचेसच्या तोंडावर देवीचे एवढे वण
की पावडर खळग्यांत साचायची.
मी एकही काढला नाही.
अकरा दरबारांत तिचं तोंड लोण्यासारखं पोचलं.
नाक मात्र जसंच्या तसं ठेवायचं, बाकदार.
मिठाच्या खाणी कुणाच्या, पुलावरची जकात कुणाची,
हे सगळं त्या नाकावर लिहिलेलं असतं.

एमेरिख सहा वर्षांचा होऊन गेला.
फेब्रुवारीत, देवीनंच.
घंटा वाजली नाही.
रात्री चेंबरलेन आला, बुटांवर बर्फ तसाच.
रिबिनीत बांधलेली केसांची बट टेबलावर ठेवून म्हणाला,
"बाई, राजपुत्र आता सात वर्षांचे होतील."

कसे, ते मी विचारलं नाही.
हातावर पोट असलं की काही प्रश्न
जिभेच्या मागेच राहतात.

माझा वेंडेलिन त्याच्याच वयाचा.
त्याला खिडकीशी बसवायची, गळ्याला झालर,
पायांत लाकडी जोडे. ते चित्रात येत नाहीत.
राईचा पाव चघळत बसायचा.
मी ओरडायची, जबडा हलवू नकोस!
डोळे त्याचे, कपाळ त्याचं,
नाकाशी आले की त्याला थांबवायची
आणि डचीला सुरुवात करायची.

दर वर्षी एक.
आठ वर्षांचा, नऊ वर्षांचा,
दहाव्या वर्षी छातीवर बिल्ला.
मागे काचेखाली केस विणलेले,
कारण पलीकडच्यांना खात्री हवी असते.
चौथ्या वर्षी बट संपली.
मी वेंडेलिनचं डोकं मांडीवर घेतलं, कात्री घेतली.
रंग तोच, भिजल्या पेंढ्याचा.
मानेला गुदगुल्या होतात म्हणून तो हसत होता.

उत्तरेत एक मुलगी ते लॉकेट गळ्यात घालून वाढत होती.
पत्रं लिहायची. उत्तरं चेंबरलेन लिहायचा.
एकदा तिनं विचारलं,
उजव्या भुवईत ती बारीक रेघ कसली?
माझ्या पोटात खड्डा पडला.
कुंभाराच्या गाढवानं पाडला होता त्याला,
आणि माझ्या हातानं ते नकळत लिहून ठेवलं होतं.
चेंबरलेननं कळवलं: घोडदौडीत. शौर्याची खूण.

सोळाव्या वर्षी तह झाला.
खाणी राहिल्या, पूल आला, तोफा आल्या,
आणि मग राजपुत्रांना एकाएकी ताप चढला.
तीन दिवस घंटा वाजत होत्या.
मेलेल्या राजपुत्राचं तोंड घेऊन
एक पोरगा बाजारात कोबी विकतोय,
हे चालण्यासारखं नव्हतं.
तीन घोडेस्वार आले. एक घोडा रिकामा आणला होता.
वेंडेलिनला वाटलं, बक्षीस.

पेन्शन दर महिन्याला येते. कधी चुकली नाही.

वरच्या दालनात मखमलीवर सगळे ओळीनं लावलेत,
पणजोबांपासून, अंगठ्याएवढे, एका नाकाचे.
परदेशी वकील येतात, वाकून बघतात,
म्हणतात, काय रक्त आहे!
शेवटून दुसऱ्या ओळीत माझा पोरगा
नऊ वेळा मोठा होतो.
दहावा तिथं नाही. त्या मुलीनं परत पाठवला नाही,
हरवला म्हणून कळवलं.
खोटं असावं. खोटंच असू दे.

आता या नव्या बाळाचं घे.
दात आले नाहीत अजून, पण नाक मी आखून ठेवलंय.
आणि ऐक, तुझा धाकटा भाऊ
हल्ली दुपारी तुझं जेवण घेऊन येतो ना,
त्याला त्या खिडकीशी बसू देऊ नकोस.
तिथं उजेड फार चांगला येतो.