आकडा थांबल्यावर

उणे चौतीस.
उलानबातरवर कोळशाचा धूर झाकणासारखा बसलाय.
दारीमा चढ उतरून येते, कडेवर बॅटरी घेऊन.
छोटी, बारा व्होल्टची.
गाडी रात्री माझ्या कुंपणात असते,
तिच्या उतारावर बर्फाची काच झालीय म्हणून.
बॅटरी मात्र ती घरी नेते, चुलीपासून हातभर लांब ठेवते.
"फार जवळ नको, दारातही नको.
पाहुण्याला बसवतो तसं."

दिवसा ती इस्पितळात पट्ट्या बांधते,
संध्याकाळी माणसं सोडते, दोन हजार तुग्रुग, तीन हजार.
गाडी जपानहून आलेली, आधीच कुणीतरी वापरलेली.
स्टिअरिंग उजवीकडे, रस्ताही उजवीकडचा,
त्यामुळे पुढच्या ट्रकपलीकडचं काही दिसतच नाही.
मग ती ट्रकच्या मागेच राहते.
गाडी टिकली ती माझ्या हातगुणानं, असं लोक म्हणतात.
खरं तर ती टिकली या न दिसण्यानं.

काट्यावरचा आकडा दोन वर्षांपूर्वी थांबला:
दोन लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव.
पुढे मोजायचंच नाही असं गाडीनं ठरवलं.
दारीमानं तुव्शिनची शाळेची वही घेतली.
घर ते इस्पितळ अकरा. इस्पितळ ते बाजार चार.
विमानतळ, बर्फ असेल तर बावन्न.
(बर्फानं अंतर वाढत नाही, मी सांगून पाहिलं.
"तू चालव मग," म्हणाली.)

आज मागची सीट उचलली.
बॅटरीला वारा घालणारा पंखा
लोकरीनं गच्च. सगळ्या गिऱ्हाइकांच्या कोटांची लोकर.
त्यात जवाचा दाणा, एक बटण,
आणि मेंढीच्या घोट्याचं हाड, खेळातलं,
घोड्याच्या बाजूनं पडलेलं.
"शुभ आहे," म्हणाली, आणि खिशात टाकलं.
मी म्हटलं, शुभ काय ते पंखा दर दोन महिन्यांनी पुसणं.

खाली अठ्ठावीस डबे ओळीनं.
तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवी बुरशी,
ती व्हिनेगरनं घासली.
एकोणिसावा बसलेला.
एक बसला की सत्तावीस त्याला ओढतात
आणि ओढता ओढता तेही बसतात.
त्याच्या जागी नवाकोरा घालून चालत नाही.
नवा एकटाच पळतो, कुणाचं ऐकत नाही.
बरोबरीचाच लागतो, तेवढाच दमलेला.
तो मी नदीकाठी पडलेल्या गाडीतून काढून ठेवला होता,
तीन दिवस चार्ज करून, उतरवून, पुन्हा चार्ज करून.
मधले डबे जास्त तापतात, ते कडेला घेतले,
कडेचे मधे.
आयुष्यभर मधे बसायला लावलं तर कोणीही फुगेल.

ब्रेकचं तिला पटत नाही.
"वापरतच नाही, तर गंजले कसे?"
वापरत नाहीस म्हणूनच.
गाडी मोटरनं थांबते, उताराची वीज साठवते,
आणि बिचाऱ्या ब्रेकना कामच उरत नाही.
आठवड्यातून एकदा न्यूट्रलमध्ये टाक,
पाय दे, आवाज होऊ दे.

चावी फिरवली. आधी इंजिन कुरकुरलं, मग लागलं,
आणि काचेमागून ती जपानी बाई बोलली,
रोजच्यासारखी, गोड.
सहा वर्षं दारीमा समजत होती
ही प्रवासाला निघताना आशीर्वाद देते.
गेल्या शरदात ओयूनगेरेल साप्पोरोहून शिकून आली, मागे बसली,
आणि हसत सुटली:
"ती म्हणतेय, टोलचं कार्ड घातलेलं नाही."
दारीमा अजूनही तिला उत्तर देते.
"घालते गं बाई, घालते."

पैसे मोजताना तिनं विचारलं,
किती चालेल अजून?
मी एकोणिसावा डबा हातात तोलत होतो.
पोट फुगलेलं, तरी अजून कोमट.
म्हटलं, वही किती पानांची आहे?
तिनं उलटून पाहिली.
"निम्मी कोरी आहे," म्हणाली,
"पोरानं गणित मधेच सोडलं होतं."