वीतभर पुरतं

हा नको. ठेव परत फळीवर.
पेटीवर ज्वाळा छापल्यात, दिसतंय मला,
आणि तू, डेरिक साल्मेला, कागद गिरणीतून थेट आलायस,
ओव्हरटाइमचे पैसे खिशात अजून गरम.
घाई नाही. आधी हातमोजे काढ,
दार लाव, बर्फ आत येतोय.

लीग कधी असते तुमची?
गुरुवारी, रात्री सव्वानऊला.
तुमच्या आधी बायकांची, त्यांच्या आधी शाळेची पोरं,
आणि यंत्र लेनवरून तेल फिरवून जातं
दुपारी तीनला. एकदाच.
(इनो म्हणतो, तेल काय झाडाला लागतं?)
तू रेषेपाशी येईपर्यंत निम्मं तेल
लोकांच्या बॉलनी उचललेलं,
फडक्यांनी पुसलेलं, घरोघरी गेलेलं.
उरतं ते जुनं मेपल,
मीठ टाकलेल्या रस्त्यासारखं पांढरट, खरखरीत.

अशा लाकडावर हा ज्वाळावाला
उंबऱ्यातच भांडण उकरणाऱ्या पाहुण्यासारखा.
बाणांपाशी पोचला न पोचला की वळतो,
सगळा जोर तिथेच सांडतो,
आणि पिनांसमोर उभा राहतो तेव्हा
त्याच्याकडे बोलायला काही नसतं.
मग तू मांडीवर थाप मारतोस, लेनला शिव्या घालतोस.
मी काचेमागून बघते.
गेल्या गुरुवारी दोनदा बघितलं.

हा घे.
हसू नकोस.
रंग जुन्या कोटाच्या बटणासारखा, मोतिया निळा.
तीन वर्षं पडून आहे,
पेटीचा कोपरा उंदराने खाल्लाय.
गाभा साधा, कुठल्याच बाजूला ओढ नाही त्याला.
कवच गुळगुळीत, वर मी आणखी एक हात पॉलिश मारीन.
लाकूड त्याला धरायला बघतं, तो सापडत नाही,
सरकत राहतो, सरकत राहतो,
आणि शेवटच्या दहा फुटांत,
कुणाचं लक्ष नसताना,
हातभर नाही, वीतभर वळतो.
वीतभर पुरतं.

मवाळ आहे म्हणतोस. आहेच.
चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात आम्ही मार्केटला गेलो होतो,
पाच जणी, एका व्हॅनमध्ये, हीटर बंद.
दुसऱ्या गेमला लेन वाळून कोळ झाली.
आमचे महागडे बॉल गटारात, नाहीतर पलीकडच्या कोपऱ्यात.
तेलही गेलं, तूपही गेलं, म्हणत बाकावर बसलो.
लेम्पी रुओनाने पिशवीतून काढला
तो प्लास्टिकचा, एकट्यादुकट्या पिनेसाठी ठेवलेला.
आम्ही तोंडावर हात धरून हसलो.
ती सरळ टाकत राहिली. आठ, उरलेल्या दोन.
नऊ, उरलेली एक. मध्येच एखादा स्ट्राइक.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत,
वाजवण्यासारखं काही घडतच नव्हतं.
बक्षिसाच्या पैशांतून तिने आम्हाला पेस्टी चारल्या
आणि हीटर दुरुस्त केला.

हात दे इकडे.
अंगठा थंडीने आकसलाय,
तिसऱ्या गेमपर्यंत फुगेल.
भोक मी फुगलेल्या अंगठ्याचं पाडते,
आत टेपच्या पट्ट्या लावते,
जसजसा गरम होशील तसतशी एकेक काढायची.
हे तुला आजवर कुणी सांगितलं नाही?

इनोने नवं यंत्र घेतलं, दिवसातून दोनदा तेल घातलं,
तर ये. ज्वाळावाला मागे ठेवते तुझ्यासाठी.
इनोला मी चाळीस वर्षं ओळखते,
तेव्हा फार वाट बघू नकोस.

आता ड्रिल सुरू केलं की काही ऐकू येणार नाही.
हो की नाही, आत्ताच सांग.
भोक पाडलेला बॉल
मी परत घेत नाही.