गझीबो

लाकूड लार्चचं, खांब आठ.
सातवा इड्रिस प्रोबर्टकडून दोन बोटं आखूड कापला गेला.
त्याने खाली चपटा दगड सरकवला,
पुटपुटला, नदीला काय कळतंय.

छप्पर चढायच्या आधीच
हेस्टर पार्जिटर आत खुर्ची टाकून बसलेली.
डोक्यावर हेरफर्डशरचं नोव्हेंबरातलं आभाळ,
मांडीवर थर्मास.
छत्तीस वर्षं लॅटिन शिकवलं तिने लेम्स्टरच्या शाळेत.

याचा अर्थ काय हो, गझीबो?
इड्रिसने ओठांत खिळे धरून विचारलं.

थट्टा आहे ती, हेस्टर म्हणाली.
म्हणतात, कुणा उनाडाने
टक लावून बघण्याचा आपला साधा शब्द घेतला
आणि त्याला लॅटिनचं शेपूट चिकटवलं, भविष्यकाळाचं.
म्हणजे, मी पाहीन.
माझ्या वर्गात कुणी लिहिला असता
तर लाल शाईने खोडला असता मी.
पण खरं कुणालाच ठाऊक नाही.
कोशवालेसुद्धा तिथे एक प्रश्नचिन्ह टेकवून
पुढच्या शब्दाला लागतात.

इड्रिसने खिळा ठोकला. मग दुसरा.
तिच्या डोळ्यांचं त्याला माहीत होतं.
मधलं सगळं पुसलेलं, कडा तेवढ्या शाबूत.
समोरच्याचा चेहरा हवा असेल
तर तिला त्याच्या कानापलीकडे बघावं लागे.

मग हे बांधताय कशाला, असं त्याने विचारलं नाही.
विचारलं, तोंड कुठे ठेवू?

नदीसमोर नको. जरा तिरकं.
लग मला आता बाजूनेच दिसते.

इंग्रजीत या वाक्याला तीन शब्द लागतात.
आपल्याकडे एकच, पाहीन.
त्यात 'मी' वेगळा उभा राहत नाही,
आतच कुठेतरी बसलेला असतो, खुर्ची टाकून.
आणि आपण तर चाखूनही पाहतो,
हाक मारून पाहतो,
कुणी येणार नसलं तरी वाट पाहतो.
हेस्टरला हे कोण सांगणार?

संध्याकाळी इड्रिसने हत्यारं गुंडाळली.
ती उठली, कठड्याला धरून
एकेक खांब मोजत गेली.
सातव्यापाशी थांबली.
गुडघे कुरकुरले, तरी वाकली,
बुंधा चाचपून पाहिला,
दगडाची कड, त्यावरचा ओला भुसा.

इड्रिस, ती म्हणाली, दोन बोटं.

तो फाटकापर्यंत पोचला होता.
टोपी काढून तसाच उभा राहिला,
तिच्या नजरेच्या बरोबर मधोमध,
जिथे तो तिला दिसत नव्हता.