बाल्कनीतला माणूस

जिंतूरच्या दिलशाद टॉकीजात
अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आला
तो एसटीच्या टपावरून,
सात पत्र्याच्या डब्यांत.

उंच टोपी, बसलेली गालफडं,
हनुवटीखाली दाढीची झालर.
आवाज मात्र हिंदी, भारदस्त.
मागच्या आठवड्यात हाच आवाज
एका डाकूच्या तोंडी होता,
म्हणून तो "भाइयो" म्हणाला की
पुढच्या बाकांवर खसखस पिकायची.

मशीनवर खाजामियाँ.
म्हणाले, "खऱ्याचा आवाज चिरका होता म्हणं.
पण चिरक्या आवाजाचं तिकीट कोण काढतंय?"

शेवटच्या रिळात तो नाटकाला जातो.
वर सज्जात बसतो, हसतो,
आणि त्याच्या मागचं दार
हळूच उघडतं.

तेव्हा आमचं अख्खं थेटर
मान वळवून वर बघायला लागलं.

बाल्कनीत एकटे नायब तहसीलदार ढवारे,
शेंगा फोडत.
आधी गोंधळले. मग उभे राहिले,
आणि काही कारण नसताना
हात जोडले.

शनिवारपासून खाजामियाँ
दार उघडलं की मशीन बंद करायचे,
दिवे लावायचे.
पैसे परत कुणी मागितले नाहीत.

पुढं तो पुष्कळदा पाहिला, मोबाइलवर,
नट वेगळे, दाढी तीच,
मरण ठरल्या मिनिटाला.
कुणी फार थोर केला, कुणी फार थकलेला.

मला मात्र राष्ट्राध्यक्ष म्हटलं की
ढवारेंचाच चेहरा दिसतो:
अर्धवट उजेड, जोडलेले हात,
सदऱ्यावर टरफलं.