दरम्यान

ऑर्विल गिटेन्स त्याचं नाव, पण ट्रेमॉंटपासून बोस्टन रोडपर्यंत
सगळे त्याला मीनव्हाइल म्हणायचे.
मीनव्हाइल, म्हणजे दरम्यान.
गोष्ट भरात आली की तो थबकायचा, बोट वर करायचा,
"दरम्यान, नवव्या मजल्यावर..."
आणि पार्कातली तीनशे माणसं
माना वर करून नववा मजला शोधायची.

मी त्याची डीजे. ओडेसा.
दिव्याच्या खांबातून चोरलेली वीज, दुधाच्या क्रेटवर दोन टर्नटेबल,
सुई उडू नये म्हणून तिच्या डोक्यावर चिकटपट्टीने लावलेलं नाणं.
एकाच गाण्याच्या दोन तबकड्या, दोन्हींवर मेणखडूची खूण.
गाण्यात फक्त ड्रम उरतात ती अकरा सेकंदं
इकडून तिकडे, तिकडून इकडे,
संपू द्यायची नाहीत, एवढंच माझं काम.
त्या अकरा सेकंदांत तो बिऱ्हाड थाटायचा.

बाकीची पोरं आपापल्या नावाचे नगारे पिटत होती:
मी असा, मी तसा, माझे बूट बघा.
ऑर्विलच्या गोष्टीत ऑर्विल कधी नसायचाच.
असायची मिसेस ट्रॉटमन, सत्तरी उलटलेली,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला मासा काखोटीला मारून
लिफ्टमध्ये अडकलेली, नऊ आणि दहाच्या मध्ये,
आणि तिच्यासोबत तोच पोरगा
ज्याने मंगळवारी तिची पर्स मारली होती.
म्हातारीचा आवाज तो नाकातून काढायचा, पोराचा घशातून.
माशाचाही एक आवाज होता. खरंच होता.
यमकं तो शोधत नसे;
ती जिन्यात बसलेली असत, त्याला वाट देत.

दर शनिवारी शेवट वेगळा.
एकदा म्हातारी मासा त्यालाच देते.
एकदा पोरगा रडतो. एकदा वीज आलीच नाही
आणि आम्ही सगळे तसेच घरी गेलो,
त्या दोघांना अंधारात ठेवून.

ब्याऐंशीत रेकॉर्ड निघाली.
कंपनीच्या माणसाच्या मनगटावर दोन घड्याळं.
एकोणीस मिनिटांची गोष्ट. तो म्हणाला, तीन चाळीस.
साठा उत्तरांची कहाणी,
पाचा उत्तरी कसली, दीड उत्तरावर त्यांनी आवाज खाली नेला.
ना सुफळ, ना संपूर्ण.
म्हातारी बोलायला तोंड उघडते आणि गाणं विरून जातं.
माझ्या जागी ड्रम मशीन होतं. ते कधी चुकलं नाही,
म्हणून ऑर्विल चुकत राहिला.

चालली मात्र. डेट्रॉइट, क्लीव्हलँड, एकदा थेट लंडन.
सगळीकडे पोरं ओरडायची, पुढे काय झालं?
तो हसायचा.
हिशेबाचे कागद आले तेव्हा
स्टुडिओतली कॉफीसुद्धा त्याच्या नावावर होती.
मग नवी पोरं आली, नवे आवाज,
कुणी गोष्ट सांगितलीच तर बंदुकीची,
आणि तिचा शेवट सगळ्यांना आधीच ठाऊक.

दरम्यान (बघा, मीही शिकले)
ऑर्विल शाळेची पिवळी बस चालवू लागला.
हे मला माझ्या मुलाने सांगितलं, ऑर्विलने नाही.
बस सुटली की गोष्ट सुरू.
पहिल्या थांब्यावर उतरणाऱ्याला शेवट कधीच कळत नसे.
शेवटच्या थांब्यावर एक मुलगी होती, दातांना तार लावलेली,
तिला सगळ्या गोष्टी पूर्ण माहीत होत्या
आणि ती कुणाला सांगत नसे.

आमचा थांबा तिसरा.
कीनन दारातूनच विचारायचा, बूट न काढता,
"आई, लिफ्टमधली ती मासेवाली बाई, तिचं पुढे?"
मला सहा शेवट माहीत होते.
तो नेमका सातव्याच्या अलीकडे उतरलेला असायचा.

फेब्रुवारीत एकदा मी स्वतः थांब्यावर गेले.
दार उघडलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे.
मी कीननचा पत्र्याचा डबा काखेत धरला
आणि बोटांनी अकरा सेकंदं वाजवली.
मग परत अकरा.
मागे गाड्यांची रांग, हॉर्न, शिव्या.
ऑर्विलने हँडब्रेक ओढला.