शेळ्यांची रांग

नायवाशाच्या पल्याड चेरोनोने
पुन्हा डोंगराचे चौकोन पाडले.
बारा हजार. प्रत्येकाला दाब, प्रत्येकाला धग,
आणि मधून फिरणारं तिचं हिशेबी पाणी.

भेगा कुणी पाहिल्यात?
हातभर गाभा वर आला होता खडकाचा,
त्यात केसाएवढी रेघ, कडेला पांढरी खर.
तेवढ्यावरून सगळं पाताळ.

चार नंबरच्या विहिरीत रंग सोडला.
मॉडेल म्हणालं, नव्वद दिवस.
सातवर लेमायान रोज बाटली भरायचा,
झाकणावर तारीख घालायचा, वाकड्या अक्षरात.

अकराव्या दिवशी फोन :
"हिरवं आलंय."
"नीट बघ."
"बघतोय. हिरवंच."

रात्रभर ती चौकोनांशी भांडली.
पहाटे तो चहा घेऊन आला, म्हणाला,
लहानपणी थंडीत आमच्या शेळ्या
इथंच बसायच्या, एका रांगेत.
पोटाखाली जमीन ऊन लागायची.

कुठून कुठपर्यंत?

त्याने बोटाने काच पुसत नेली
चारपासून सातपर्यंत, थोडी तिरकी.

तिने तेवढे चौकोन फोडले, वाट मोकळी केली,
फाइलला नाव दिलं : शेळ्या.
दुपारी आकडे जुळले. अकरा दिवस, चार तास.

फक्त नऊ नंबरची विहीर, कालपर्यंत बरोबर असलेली,
आता पडद्यावर गार पडत चाललीय,
आणि तिथं कधीच
कुणी काही चारलं नव्हतं.