छाट

रात्री साडेअकराला नवरा येतो,
आधी सदरा झटकतो, मग खिसा.
नाण्यांना बडीशेपेचा वास.
नोटेच्या घडीत खडीसाखरेचा एखादा खडा,
तो सौजन्या लहान असताना तिचा असायचा.
आता ती दहावी झाली,
वास आला की उठून खिडकी उघडते.

मी सूप मांडीवर घेऊन विड्या मोजत असते.
माझ्या हजाराला दर आहे,
कागदावर छापलेला, शिक्का मारलेला;
हातात पडतो किती, ते सोडा.
तोंड सैल, पोट फुगलेलं, पान करपलेलं म्हणत
कारखान्यातली बाई मूठभर बाजूला काढते.
त्याला छाट म्हणतात.
छाटीचे पैसे नाहीत. विड्याही परत नाहीत.

एकदा त्याला विचारलं,
तुझ्या हसण्याचा हजारी दर काय?
म्हणाला, पगार बरा आहे,
वर मिळतंच की थोडंफार.
वर म्हणजे कुठून?
तर ताटलीतून.
कुणी दहा ठेवतं,
कुणी दोनाचं नाणं एका बोटानं सरकवतं,
कुणी दात कोरून काडी ठेवून जातं.
फुटलेला ग्लास मात्र पगारातून.
म्हणजे छाट तिकडंही आहे.

अक्कलकोट रोडला यंत्रमागावर होता तेव्हा
टॉवेल विणायचा, नगावर पैसे.
कारखान्याला कुलूप लागलं.
आता तसलाच टॉवेल खांद्यावर टाकून
लोकांचं सांडलेलं पुसतो.
"मागाकडं बघून हसावं लागत नव्हतं,"
एवढंच एकदा बोलला, भाकरी मोडता मोडता.

हल्ली काउंटरवर एक डबी आहे.
गिऱ्हाईक फोन दाखवतं, डबी ओरडते,
दोनशे साठ रुपये मिळाले!
अख्ख्या हॉटेलला ऐकू जातं मालकाला किती मिळाले ते.
सुटे उरत नाहीत, ताटली कोरडी परत येते.
नवरा लवकर झोपतो.

सौजन्याच्या निकालाच्या दिवशी
आम्ही तिघं सात रस्त्याला जेवायला गेलो,
गिऱ्हाईक म्हणून.
नवऱ्याला बसता येईना.
ताटं एकावर एक रचून ठेवली,
सांडलेलं पाणी हातानंच निपटलं.
वाढणारा पोरगा मैंदर्गीचा, मल्लिनाथ,
मिसरूड नुकतं फुटलेलं.
"काका, ठेवा की, मी आहे."
मी विचारलं, पगार किती रे?
त्यानं आधी काउंटरकडं बघितलं.
"बरा आहे, मावशी."
तोच शब्द. शब्दाच्या आधी
तेवढंच थांबणं.

नवऱ्यानं बडीशेपेखाली पन्नास ठेवले,
तीन दहाच्या आणि एक वीसची.
मी वीसची काढून घेतली,
कुंभारीपर्यंत रिक्षा आहे, रात्रीचे जास्त घेतात.
तो काही बोलला नाही.
पोरानं बघितलं आणि हसला,
जसं हसायचं असतं तसं.

बाहेर आल्यावर सौजन्या म्हणाली,
पगार तूच विचारलास ना, आई?
मी म्हटलं, पगार मालकानं द्यावा,
पुरेल एवढा द्यावा, महिन्याच्या महिन्याला द्यावा,
ताटलीनं का द्यावा?
आपण जेवायला आलो, भरपाई करायला नाही.
बरोबर होतं ते. आजही बरोबर आहे.
नवरा पुढं बघत म्हणाला,
"त्याच्या मनगटाला चटका होता. सांबारचा असणार."
मी आणखी काहीतरी बोलत राहिले,
आणि माझा आवाज मलाच
कारखान्यातल्या त्या बाईसारखा ऐकू यायला लागला,
तोंड सैल, पोट फुगलेलं.

घरकुलाच्या कमानीपाशी उतरताना
रिक्षावाल्यानं वीस सुटे मागितले.
मूठ वळलेली होती माझी, वास येत होता.
नाहीत, म्हणाले.